चोवीस तासांची लघवी

तासगावात डिसेंबरात पहाटे धुकं उतरतं, द्राक्षबागायतदारांची फवारणीची धांदल उडते आणि दारोदार बंब पेटलेले असतात. त्या थंडीत मला फ्रिजमधलं गार पाणी लागत होतं. साध्या पाण्यानं समाधानच होईना. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं, थोड्या वेळात तोंड पुन्हा कोरडं, आणि तासाभरात लघवीला. हे हळूहळू वाढत गेलं असंही नाही. अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळी उठणारी मी, एकाएकी रात्रीत चार-पाचदा उठायला लागले. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी "नेमकं कधीपासून?" असं विचारलं तेव्हा मला जवळजवळ वारसुद्धा सांगता आला. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. तहान अशी अचानक सुरू होणं आणि गारच पाण्याची ओढ लागणं, या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाच्या होत्या. तोवर मला त्या कुणी विचारल्याच नव्हत्या.

मी एका पतसंस्थेत कॅशला बसते. जागेवरून उठायचं म्हणजे ड्रॉवरला कुलूप लावा, किल्ली सोबत घ्या, शेजारच्या टेबलावर सांगून जा, रांगेतल्या माणसांची नजर चुकवा. बाथरूम मागच्या जिन्याखाली, सगळ्यांना मिळून एकच. दिवसातून इतक्यांदा उठायला लागल्यावर एका मैत्रिणीनं हळूच विचारलं, "काय गं, दिवस गेलेत का?" तिचं विचारणं बरोबरच होतं, गरोदरपणात लघवी वाढतेच. पण ते नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, उष्णता झालीय. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. शेजारच्या काकूंनी तीळ-गूळ खायला सांगितलं. यातल्या कशानं अपाय झाला नाही आणि फरकही पडला नाही. पण घरीदारी सगळीकडून मिळालेला एक सल्ला मात्र मला आजही खुपतो: "पाणीच कमी पी की जरा. पितेस म्हणून जावं लागतंय." ऐकायला किती पटण्यासारखं वाटतं! एका रात्री सासूबाईंच्या समाधानासाठी तांब्या उशाशी ठेवलाच नाही. लघवी तेवढीच झाली. पहाटे डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटली होती आणि उभं राहिल्यावर भोवंडल्यासारखं झालं. शरीरातून पाणी आधी जात होतं आणि तहान त्याच्या मागून येत होती, हे त्या रात्रीच मला कळलं. ते शास्त्रात कसं बसतं हे समजायला पुढे बराच काळ गेला.

पहिले डॉक्टर गावातलेच. त्यांनी साखर तपासली, उपाशीपोटी आणि जेवल्यानंतर, शिवाय तीन महिन्यांची सरासरीही. सगळी नॉर्मल. त्यांनी साखर आधी बघितली हे अगदी योग्यच होतं, कारण लघवी वाढण्याचं सगळ्यात सर्रास सापडणारं कारण मधुमेह. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत आत घेता येत नाही. मग ती लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. पण साखर नॉर्मल आल्यावर पुढचा विचार झाला नाही. लघवीच्या साध्या तपासणीत थोड्या पू-पेशी दिसल्या म्हणून जंतुसंसर्ग ठरवून अँटिबायोटिक दिलं. गुण येईना म्हणून दुसरं दिलं. मला जळजळ नव्हती, ताप नव्हता, ओटीपोटात दुखत नव्हतं. कल्चर, म्हणजे लघवीत खरंच जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, करायला कुणी सांगितलं नाही.

तो पहिला रिपोर्ट मी जपून ठेवलाय. त्यात रंगापुढे 'फिकट' आणि विशिष्ट घनतेपुढे १.००३ असं छापलंय. निव्वळ पाण्याची घनता १.०००. रात्रभराची, सकाळची पहिली लघवी चांगली दाट हवी, १.०२०च्या आसपास किंवा त्याहून वर. माझी सकाळची पहिली लघवी जवळपास पाणीच होती. उत्तराची पहिली खूण त्या स्वस्तातल्या कागदावर पहिल्याच आठवड्यात छापून आली होती, आणि सगळ्यांचे डोळे पू-पेशींच्या ओळीवर थांबले. याचा मला राग येतो, अजूनही. म्हणून सांगते, लघवीचा रिपोर्ट हातात आला की घनतेची ती ओळ बोट ठेवून डॉक्टरांना दाखवा.

खरी सुरुवात मिरजेला झाली. तिथले फिजिशियन वयस्कर, आवाज खालचा. मी सांगायला लागले, "डॉक्टर, दिवसातून इतक्या वेळा..." तर त्यांनी हातानं थांबवलं. "ताई, किती वेळा ते नंतर. किती होते ते मोजून आणा." आणि चोवीस तासांची लघवी गोळा करायची चिठ्ठी दिली.

हे प्रकरण कसं करायचं ते नीट लिहिते, कारण लॅबवाले ते घाईघाईत सांगतात आणि माणसं अर्धवट करतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ बघून वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी गोळा करायची, संडासला जाताना होते तीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उठून लघवीची पिशवी (मूत्राशय) रिकामी करायची आणि ती शेवटची लघवी मात्र कॅनमध्ये घ्यायची. मध्ये एकदा जरी चुकली तरी हिशेब फुकट जातो. सोबत एका वहीत प्रत्येक वेळची वेळ, मिलिलिटर आणि प्यायलेलं पाणी, चहा, ताक हे सगळं. मी रविवार निवडला. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नव्हतं, म्हणून यांनी दुकानातून प्लॅस्टिकचा मापाचा मग आणला. त्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. बाथरूमच्या खिडकीत वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलं. घरातली पोरं कुतूहलानं बघत होती. मी त्यांना सरळ सांगितलं की आईची तपासणी चाललीय. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

लॅबनं पाच लिटरचा कॅन दिला होता. तो संध्याकाळच्या दिवेलागणीलाच काठोकाठ भरला. दुसरा आणावा लागला. सकाळी बेरीज केली तेव्हा आठ लिटरच्या पुढे गेली. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची लघवी साधारण एक ते दोन लिटर असते. तीन लिटरच्या वर गेली, किंवा वजनाच्या दर किलोमागे चाळीस-पन्नास मिलिलिटरच्या वर, की डॉक्टर तिला खरोखर 'जास्त लघवी' म्हणतात. यांनी वहीतली बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली आणि गप्प बसले. मला मात्र रडू आलं. इतके आठवडे "तुला सवय लागलीय", "टेन्शन घेतेस" ऐकून घेतलं होतं, आणि आता ते आकड्यात समोर होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी वही चाळत समजावलं ते फार मोलाचं होतं. वरचेवर लघवीला जाणं ही एक तक्रार, आणि एकूण लघवी जास्त होणं ही निराळी. वहीत प्रत्येक वेळचा आकडा पन्नास, साठ, ऐंशी असा असेल आणि दिवसाची बेरीज दीड लिटरच भरत असेल, तर दोष बहुतेक पिशवीत किंवा तिच्या वाटेत असतो: जंतुसंसर्ग, पिशवीची अतिसंवेदनशीलता, खडा, पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट. माझ्या वहीत मात्र दर वेळी साडेतीनशे, चारशे, कधी पाचशे. म्हणजे पिशवी पुरती भरूनच मला उठवत होती. ती आपलं काम चोख करत होती, पाणी वरूनच जास्त येत होतं. सोनोग्राफीतही तेच दिसलं. लघवी करून आल्यावर पिशवीत काही उरत नव्हतं, मूत्रपिंडं नीट होती.

या वहीचा उपयोग आमच्या मामंजींनाही झाला. ते सत्तरीपलीकडचे, रात्री तीन-चार वेळा उठायचे आणि सगळ्यांनी ते प्रोस्टेटच्या खात्यावर टाकलं होतं. माझं बघून त्यांनीही मोजायचं ठरवलं. दिवसाची बेरीज अगदी साधी निघाली, पण तिच्यातला अर्ध्याहून जास्त वाटा रात्रीचा. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्या पायावर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडला. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडतं. त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घेतली, पाणी काढायची गोळी ते रात्री जेवणानंतर घेत होते ती दिवसा घ्यायला लावली. आता ते एकदा, फार तर दोनदा उठतात. म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधारात उठणं म्हणजे पडण्याची भीती, म्हणून हेही लिहून ठेवते.

माझ्या पुढच्या तपासण्या रक्ताच्या: क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम. डॉक्टर प्रत्येक तपासणीमागचं कारण सांगत गेले. कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवायची ताकद जाते. त्यांनी मला विचारलं, "ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेता का? इंजेक्शनं घेतलीत?" साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती माणसं रोज घेतात, किंवा गुडघे दुखतात म्हणून इंजेक्शनांवर इंजेक्शनं घेतात, आणि मग कॅल्शियम चढून लघवी वाढलेले पेशंट त्यांच्याकडे येतात. पोटॅशियम फार उतरलं तरी तेच होतं. मानसिक आजारासाठी लिथियम वर्षानुवर्षं चालू असेल तर मूत्रपिंडं पाणी धरून ठेवायला सांगणाऱ्या हार्मोनला दाद देईनाशी होऊ शकतात, पण म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्यांचीही लघवी दाट होत नाही, तिथे रात्री उठणं हे त्या आजाराचंच एक लक्षण असतं. माझं यातलं काहीच नव्हतं. फक्त सोडियम १४६ आलं, वरच्या काठाच्या किंचित बाहेर. डॉक्टरांनी त्या आकड्याभोवती गोल काढला. "पाणी पिऊन पिऊन लघवी वाढली असती तर हे खाली आलं असतं. तुमचं वर आहे. तुम्ही पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत पाणी अजिबात तोडू नका."

पुण्याला जाणं हाच एक यज्ञ होता. एसटीनं जायचं म्हणजे कराड, सातारा आणि मग एकदम स्वारगेट. मधल्या पट्ट्यात मला तासाभरानं जावं लागणार होतं. आपल्याकडे प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं आहे असंही वाटत नाही. स्टँडवरच्या मुतारीची अवस्था, दारात बसून पैसे मागणारा माणूस, आतून न लागणारी कडी. मुंबईत २०११पासून 'राइट टू पी' नावानं बायकांनी यावर आंदोलन उभं केलं, तेव्हा मला ती शहरातली गोष्ट वाटली होती. आता पाणी न पिता प्रवास करणं माझ्या जिवावर बेतलं असतं. शेवटी यांनी ओळखीची गाडी ठरवली. हायवेवरच्या प्रत्येक पेट्रोल पंपाची मला माहिती झाली.

पुण्याच्या हॉस्पिटलात मला पाणी बंद ठेवून करायच्या चाचणीसाठी दाखल केलं. आदल्या रात्री पाणी प्यायची मुभा होती. माझ्याइतकी लघवी होणाऱ्याला रात्रभर उपाशी-तहानलेलं ठेवणं धोक्याचं. पहाटे सहाला शेवटचं पाणी. मग वजन, रक्त, लघवी, आणि खोलीतला जग सिस्टर घेऊन गेल्या. बेसिनचा नळ बाहेरून बंद केला होता. लघवीला गेले की एक सिस्टर दारात उभी. पहिल्यांदा मला ते अपमानाचं वाटलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "इथे चांगली शिकलेली माणसंसुद्धा फुलदाणीतलं पाणी प्यायलीत." दुपारपर्यंत मला त्या माणसांचं मन कळलं.

दर तासाला वजनकाट्यावर उभं राहायचं, दर तासाला मगमध्ये लघवी. पाणी बंद होऊन तास उलटत होते आणि लघवी मात्र तशीच, पांढरी स्वच्छ, तीनशे, साडेतीनशे. दहाच्या सुमाराला ओठ चरचरायला लागले. बोलताना जीभ हलेना. कॉरिडॉरमधून चहाची ट्रॉली गेली, तेव्हा कपबशांच्या आवाजानं डोळ्यांत पाणी आलं. डोकं जड, मन चिडचिडं, हे कोपऱ्यात बसून वर्तमानपत्राची एकच घडी उलटसुलट करतायत. सकाळी ५७.४ किलो असलेलं वजन दुपारी ५५.६ झालं. वजन तीन टक्क्यांहून जास्त उतरलं की तिथे थांबायचं असतं. रक्त पुन्हा घेतलं: सोडियम १४८. रक्ताची दाटी, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, ३०३ आली. ती २९५च्या आत हवी. अशा वेळी लघवीची दाटी सातशे-आठशेच्या घरात जायला हवी. माझी ११८ होती. शरीर सुकत होतं आणि मूत्रपिंडं पाणी सोडतच होती.

मग डेस्मोप्रेसिनचं, म्हणजे लघवी दाट करणाऱ्या हार्मोनच्या कृत्रिम रूपाचं, इंजेक्शन दिलं. दीड-दोन तासांनी मी बाथरूममध्ये गेले आणि मगमध्ये थोडीशीच, पिवळी लघवी आली. कित्येक महिन्यांत पिवळी लघवी पाहिली नव्हती. मी तो मग घेऊन बाहेर आले आणि सिस्टरला दाखवला, ती हसून म्हणाली, "झालं ताई, सापडलं." दाटी ५४० झाली होती. इंजेक्शननंतर ती निम्म्याहून जास्त वाढली की दोष मेंदूकडून येणाऱ्या हार्मोनचा. इंजेक्शननंही हलली नाही तर दोष मूत्रपिंडांचा. आणि नुसतं पाणी बंद केल्यावरच नीट दाट झाली असती तर तो जास्त पाणी पिण्याचा प्रकार.

त्यानंतर पाणी मिळालं, पण मोजून. इंजेक्शनचा अंमल असताना अधाशासारखं पाणी प्यायलं तर ते शरीरात साठतं, सोडियम झपाट्यानं खाली येतं आणि झटके येऊ शकतात. सिस्टर एकेक पेला भरून आणत होत्या. आणि इथे कळकळीनं सांगते: ही चाचणी कुणीही घरी करून बघू नये. 'पाणी बंद करून बघू किती लघवी होते' हा विचार मनात आला तरी तो तिथेच सोडा.

डॉक्टर मॅडमनी संध्याकाळी कागदावर चित्र काढून सांगितलं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत आत घेतात. शेवटच्या टप्प्यात किती पाणी परत घ्यायचं हे व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन ठरवतं. ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि वाटाण्याएवढ्या पिच्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठतं. ते नसेल तर पाणी परत घेणारी दारं उघडतच नाहीत. आजाराचं नाव डायबिटीस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काही संबंध नाही, तरी फाइलवर 'डायबिटीस' वाचून वॉर्डात मला बिनसाखरेचा चहा आला. असल्याच घोटाळ्यांमुळे, आणि त्यात कुणाचं औषध राहून जाऊ नये म्हणून, २०२२ मध्ये तज्ज्ञांनी याला 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' म्हणावं असं सुचवलंय.

त्याच वॉर्डात पॅसेजमध्ये इंदापूरकडची एक बाई भेटली. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा आयसीयूतून नुकताच बाहेर आला होता. अंथरूण कधीच ओलं न करणारं पोरगं पुन्हा ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागायला लागलं, महिन्यात हडकलं. घरच्यांना वाटलं आळस करतोय. मग उलट्या, पोटदुखी, आणि एका रात्री जोरजोरात श्वास. साखर पाचशेच्या वर होती. मुलांमधला पहिल्या प्रकारचा मधुमेह. ती माऊली पदर तोंडाला लावून सांगत होती, "ताई, आम्ही त्याला त्यापायी बोलत होतो ओ." तिला काय बोलावं मला सुचेना. पण हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगते: मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, सारखी तहान, वजन उतरतंय, असं दिसलं की त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर बघा. उद्यावर टाकू नका. उलटी, धाप किंवा गुंगी असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

मोठ्यांच्या बाबतीत मॅडमनी मला सांगितलेल्या गोष्टी अशा. लघवीत रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवायचं, उलट न दुखणारं रक्त जास्त गंभीर धरायचं. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखणं हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचा इशारा. लघवी एकदम अडली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला आणि सोबत पाय लुळे वाटतात, मांड्यांमध्ये बधिर लागतं, तर मणक्याचा विचार तातडीनं. तहान-लघवीसोबत नवीन डोकेदुखी, बाजूचं दिसेनासं होणं, पाळी बंद पडणं असं काही असेल तर पिच्युटरीकडे बघायला हवं. आणि भरपूर लघवी होणाऱ्या माणसाला कुठल्याही कारणानं पाणी पिता येईना, उलट्या-जुलाब लागले, गुंगी यायला लागली, तर घरी सलाईनची वाट बघत बसायचं नाही.

माझा एमआरआय झाला. पिच्युटरीचा मागचा भाग निरोगी माणसात पांढरा ठिपका होऊन चमकतो. माझा चमकत नव्हता, आणि ग्रंथीचा देठ थोडा जाड दिसला. गाठ नव्हती. छातीचा एक्स-रे, थायरॉइड, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन सगळं झालं. टीबी किंवा सारकॉइड (शरीरात बारीक गाठी करणारा दाहाचा आजार) याचा काही मागमूस नाही. डोक्याला मार लागणं, पिच्युटरीचं ऑपरेशन, गाठ ही नेहमीची कारणं, पण बऱ्याच जणांत कारण हाती लागतच नाही. माझं बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं केलेलं असावं, असं मॅडमना वाटतं. म्हणून ठरावीक काळानं एमआरआय पुन्हा करायचा, कारण देठातला बदल काही वेळा उशिरा बोलतो. ही टांगती तलवार आहे आणि मी तिच्याबरोबर राहायला शिकतेय.

डेस्मोप्रेसिनची गोळी आधी फक्त रात्री सुरू झाली. पहिल्या रात्री मी सलग झोपले. सकाळी सासूबाई खोलीत डोकावून गेल्या, मी उठले का नाही हे बघायला. आठवड्याभरानं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं; रक्त तपासलं तर सोडियम १३१. सवयीनं पाणी पीतच राहिल्यानं असं होतं. गोळी कमी केली आणि नियम मिळाला: तहान लागली तरच प्यायचं, घड्याळ बघून नाही, कुणी आग्रह केला म्हणून नाही. आठवड्यातून एक दिवस गोळी उशिरा घ्यायची, लघवी मोकळी, पांढरी झाली की मग. साठलेलं जादा पाणी त्यात निघून जातं. अंगदुखीला आयब्रुफेनसारखी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, तिनं डेस्मोप्रेसिनचा जोर वाढतो. गोळी जेवणाच्या जरा आधी घेतली तर चांगली लागू पडते.

हरतालिका आली तेव्हा मी निर्जळी उपवास करणार नाही, असं घरात सांगितलं. मला वाटलं होतं थोडी कुरकुर होईल. सासूबाईंनी स्वतः पूजेच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "देवीला कळतंय की," एवढंच म्हणाल्या.

पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर आजाराचं नाव, गोळीचा डोस आणि ठळक अक्षरांत दोन ओळी: माझं पाणी बंद करू नये, डेस्मोप्रेसिन चुकवू नये. मध्ये दाढेचं छोटं ऑपरेशन झालं तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आधी ते कार्ड दिलं. उपाशीपोटी ठेवण्याच्या साध्या सूचनेनंही माझं सोडियम चढू शकतं, हे त्यांना सांगावं लागलं. त्यांनी सलाईन आणि गोळीची वेळ बसवून घेतली.

गोळी तासगावात सहज मिळत नाही. सांगलीच्या एका दुकानाला आधी फोन करून मागवते, दोन पत्ते उरले की लगेच. एक पत्ता घरी, एक पर्समध्ये, एक पतसंस्थेच्या ड्रॉवरमध्ये. संस्थेच्या व्यवस्थापकांना मी सगळं कागदासकट सांगितलं होतं. जिन्याखाली बायकांसाठी वेगळी खोली आता झालीय, आतून लागणाऱ्या कडीसकट, आणि ती माझ्यापेक्षा भिशी आणि पिग्मीचे पैसे भरायला येणाऱ्या बायका जास्त वापरतात. पुढचा एमआरआय जूनमध्ये आहे.